स्क्रूचा अर्धा फेरा

माझा मोठा भाऊ पंचवीस वर्षं हातमागावर बसला. उमरेडला आमच्या गल्लीत त्याच्या डाव्या हाताचं कौतुक होतं. धागा तुटला की तो हात डोळ्यांच्याही आधी तिथे पोचायचा, भाऊ गप्पा मारत असला तरी. मी मागावर कधी धड बसलोच नाही. नागपूरला येऊन झाडं कापायच्या कामाला लागलो, आणि माग बंद पडल्यावर तोही माझ्याकडे आला.

त्याला चेनसॉ मी शिकवली. मोठ्या भावाला काही शिकवायची ती माझी पहिलीच वेळ, त्यामुळे जरा ऐटीतच शिकवली. मशीन दोन्ही हातांनी धरायची, डावा अंगठा हँडलखालून वळवून. खांद्याच्या वर कापायचं नाही. पात्याचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही, मशीन उसळून तोंडावर येते. इंजिन बंद केल्याशिवाय चेनला हात लावायचा नाही. हे शेवटचं तर तीनदा वदवून घेतलं. शाळेतला मास्तर बरा होता तुझ्यापेक्षा, भाऊ म्हणाला.

मिहानकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्याच्या आवारात वादळाने कडुनिंब पडला होता. सकाळी मशीन सुरू केली, तर रेस सोडल्यावरही चेन हळूहळू फिरतच होती. ती पूर्ण थांबायला हवी. त्यासाठी बाजूचा एक स्क्रू पेचकसाने अर्धा फेरा सैल करायचा असतो. पेचकस गाडीत होता, गाडी फाटकाबाहेर. दुपारी करू, म्हटलं. भावाला सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास चेनमध्ये सालीचा एक दोरा अडकला. भावाने रेस सोडली. मी समोरच फांद्या ओढत होतो. त्याचा डावा हात हँडल सोडून त्या दोऱ्याकडे गेला, मागावर जायचा तसाच. फिरत्या चेनने हातमोजा ओढला, दचकून त्याची उजवी मूठ आवळली गेली, रेस वाढली. दोन बोटं गेली.

मी मशीन बंद केली, हाताला दुपट्टा गुंडाळला, ऑटोत घालून त्याला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. वय किती, शुगर आहे का, जेवला कधी, डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. मग खाली जाऊन दोन समोसे खाल्ले. चटणी तिखट होती. वहिनी आली तेव्हा तिला म्हटलं, मागाची सवय, हात आपोआप गेला. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं झाड कापायला मीच गेलो. आधी स्क्रू फिरवला. एक मिनिटही लागलं नाही.

भाऊ आताही माझ्यासोबत येतो, खाली उभा राहून दोर धरतो. बघायला लोक जमले की आपला हात दाखवून मागाच्या सवयीचा तोच किस्सा सांगतो, वर स्वतःच हसतो. परवा जेवताना त्याला डबा उघडेना. तो खटपट करता करता म्हणाला, "एक विचारू? मशीन तर बराबर होती न गा?"

"हो भाऊ," मी म्हटलं, आणि डबा उघडून दिला.

"मंग माह्याच हाताची गलती," तो म्हणाला, आणि अर्धी भाजी माझ्या पोळीवर वाढली.