किराण्यातली बिअर

आपलं रक्त खोटं बोलतंय, याबद्दल सिक्स्टन नेस्लुंडच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माणूस सरळ. उत्तर स्वीडनच्या जंगलपट्ट्यात तो वाचनालयाची फिरती बस चालवायचा. बस वळणावर दिसली की लोक हातातलं काम टाकून बाहेर येत. मग ऑगस्टात शेजाऱ्याकडे नदीतल्या झिंग्यांची मेजवानी झाली. अशा मेजवानीत दर थोड्या वेळानं गाणं म्हणायचं आणि दर गाण्याला पेला रिचवायचा, हे तिथं ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालेल्या सिक्स्टनला पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं आणि परवाना गेला.

"रात्रीची उतरली नव्हती, एवढंच," असं तो भेटेल त्याला सांगे. पण तेव्हा घेतलेलं रक्त निराळंच सांगत होतं. हा गडी एका रात्रीचा नव्हे, कित्येक आठवड्यांचा पिणारा होता. परवाना परत हवा तर दारू सोडायची आणि वरचेवर रक्त देऊन ते सिद्ध करायचं. वसंतापर्यंत रक्त स्वच्छ आलं नाही, तर बस कायमची दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाणार होती.

तिथं कडक दारू मिळते ती फक्त सरकारी दुकानात; सिक्स्टननं त्या दुकानाची पायरी चढणं बंद केलं. नाताळात सगळ्यांदेखत पेला पालथा घातला. बायकोला, रागनहिल्डला, भरून आलं. आणि तरी दर खेपेला रक्ताचं आपलं एकच: पितोय, पितोय!

"नळ्या बदलल्यात तुम्ही," आरोग्य केंद्रात तो मायकेनवर उखडला. मायकेन तिथली नर्स. शाळेत एका वर्गात होती, त्यामुळे ऐकून घेणारी नव्हे.

"हो ना! अख्ख्या गावाची दारू तुझ्याच नळीत ओतली आम्ही."

"मग यकृत असेल. आईचंही बिघडलं होतं."

"यकृताचे आकडे दुसऱ्या कशानंही चढतात, कबूल. पण आम्ही तपासतो तो पदार्थ दारू पोटात गेल्याशिवाय रक्तात बनतच नाही, बाबा. आणि बनला की काही आठवडे हलत नाही. खरं सांग, काय पितोस?"

"कॉफी. दूध. सॉनात घाम गाळून आल्यावर बिअर."

"बिअर?"

"किराण्यातली गं! साडेतीन टक्केवाली. ती काय दारू आहे? दारू असती तर दारूच्या दुकानात नसती का ठेवली? ती तर सरबताशेजारी असते."

"सॉना कधी तापवतोस?"

"रोज. बस नाही, मग दुपारीच तापवतो."

"आणि डबे किती?"

सिक्स्टन गोंधळला. असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. "तहान भागेपर्यंत. पाणी कुणी मोजतं का?"

मायकेन खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "सोड ती. पण एकदम नको, आधी डॉक्टरांशी बोल."

"सरबत सोडायला डॉक्टर कशाला?" असं म्हणून तो तणतणत निघून गेला. घरी येऊन त्यानं होते नव्हते ते डबे मोरीत रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शर्टाचं बटण लागेना. कॉफीचा कप बशीवर खडखडायला लागला. अंगाला दरदरून घाम सुटला होता.

"काहीतरी बाधलंय," तो रागनहिल्डला म्हणाला. "आणि काल तर मी थेंबही घेतला नाही, शपथ."

"माहितीय मला," ती म्हणाली, आणि त्याची बटणं लावू लागली.

सिक्स्टन आपल्या हातांकडे बघत राहिला. साधी बिअर, तीही किराण्यातली, आणि ती नाही म्हणून हात असे थरथरावेत? त्याला काही केल्या उलगडेना. मग उलगडलं, आणि त्याला फार भीती वाटली.

"रागनहिल्ड, इतकी वर्षं मी अंगात दारू घेऊनच बसायचो का गं चाकामागे?"

तिनं गाडीची किल्ली उचलली. "चल, मायकेनकडे."

"थांब," तो दार धरून म्हणाला. "आधी वाचनालयात फोन लाव. म्हणावं, बस दुसऱ्या कुणाला तरी द्या."