आबांची मान

आमच्या गावच्या पुढाऱ्यांना सगळे आबा म्हणतात. कुणी दोन्ही हात उचलून समोर आलं, की हार घालायलाच आलंय असं समजून आबा आधी चष्मा काढतात आणि मग मान वाकवतात. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एकदा ते ताट घेऊन आलेल्या वेटरपुढंही वाकले होते.

यंदा वाढदिवसाला त्यांनी आमच्या शाळेतल्या मुलींना मण्यांचे दागिने करायचे किट वाटले. डब्यावर त्यांचा फोटो मोठा, आत मणी मोजकेच. “पोरींनी सोताच्या हातानं घडवावं, ही आपली लई जुनी तळमळ हाय,” आबा म्हणाले. फ्लेक्स लागेपर्यंत ही तळमळ गावाला ठाऊक नव्हती. भाषण संपेपर्यंत पोरींच्या माळा ओवून झाल्या.

एका मेंढपाळाची मुलगी आपली माळ दोन्ही हातांत धरून आबांकडं आली. आबांनी चष्मा काढला, मान वाकवली. फोटोवाला पुढं सरकला. मुलगी आबांना वळसा घालून मागं गेली आणि फ्लेक्सच्या बांबूला बांधलेल्या आपल्या शेळीच्या गळ्यात तिनं माळ घातली.

आबा तसेच वाकलेले. मी विचारलं, “काय झालं, आबा?”

“काय न्हाई, गुरुजी. बुटाची नाडी सुटली.”

त्यांच्या पायात चप्पल होती.