नानांच्या चपला आणि बादशहाचा पराक्रम

राहुरीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. पेंडीची पोती जशी भिंतीला लागून चढत जातात, तसे तिथे आमचे किस्सेही चढत जातात. वरचा एक काढायला जावं, तर खालचे तीन अंगावर येतात. त्यात नाना आणि त्यांचा बादशहा यांची थप्पी सगळ्यात उंच!

नानांचा चार एकर ऊस मुळा धरणाकडच्या अंगाला. बादशहा हा त्यांचा कारवान कुत्रा, शिकारी जातीचा. आमच्यातले तिसरे फिलिप सर, निवृत्त मास्तर, आणि त्यांची गावठी कुत्री राणी. आमची शिकार म्हणजे उसात घुसलेली रानडुकरं हाकलणं. मारायचं नाही, कायदा आहे. शिवाय मारायला आधी डुक्कर दिसायला तर हवं!

पाऊस-वारा सुटला की राखणदार घरी बसतात, हे डुकरांना बरोबर कळतं. म्हणून आम्हीही नेमके तेव्हाच बाहेर पडायचो.

*

बादशहा आला तो दिवस आठवतो. लांब पाय, पोट पाठीला लागलेलं, एकेक बरगडी मोजून घ्यावी. कारवान असाच असतो, पण हे गावाला कोण सांगणार? बघायला आलेल्या एका म्हातारीनं घरी जाऊन त्याच्यासाठी दोन भाकरी आणल्या आणि नानांना चांगलं सुनावलं.

"जनावर पाळायची ऐपत न्हाई तर आनायचं कशाला?"

नाना आठ दिवस तिच्या बोळातून गेले नाहीत. बादशहा मात्र रोज जायचा. भाकरीच्या वेळेला.

*

मग ती शपथ. श्रावणातल्या झडीत डुकरांनी उसाच्या चार सऱ्या आडव्या केल्या आणि बादशहा त्या वेळी गोठ्यात गाईला टेकून झोपलेला सापडला. पारावर लोक हसले. नानांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्यांसमोर पायातल्या चपला काढल्या.

"बादशहा या उसातनं एक डुक्कर भाईर काढीत न्हाई, तवर पायात वहान घालनार न्हाई."

आमच्याकडे अशी शपथ घेतली की मोडता येत नाही. मोडली तर माणूस पारावर बसायचा बंद होतो. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शांतपणे म्हणाल्या, पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे, मांडवात अनवाणी उभे राहिलात तर कन्यादानाला मी शेजारी बसणार नाही. काकूही बोललं ते करणाऱ्या!

तेव्हापासून नाना चिखलात, काट्यात, ढेकळांत अनवाणी. त्यांच्या टाचांच्या भेगा बघून मला खरंच वाईट वाटायचं. एकदा हळूच म्हटलं, "नाना, दुकानात तरी घाला, कोण बघतंय?" ते म्हणाले, "बादशहा बघतोय की."

*

आता खरी अडचण अशी की, बादशहाला पाऊस सोसत नाही. अंगावर चार थेंब पडले की तो कापायला लागतो आणि मिळेल त्या आडोशाला घुसतो. पहिल्याच मोहिमेत तो नानांच्या छत्रीखाली शिरला. नाना चालले की तो चालायचा, नाना थांबले की थांबायचा. शेवटी नानांनी छत्री त्याच्यावर धरली आणि स्वतः भिजत निघाले. बांधाबांधानं ही मिरवणूक चाललेली, मागे आम्ही दोघं.

सर म्हणाले, "नाना, शिकारीला निघालोय की नवरदेवाच्या वरातीला?"

*

दिवाळीनंतर एका झिमझिमत्या पहाटे धुकं पडलं. हातभर अंतरावरचं दिसेना. उसाच्या कडेला काहीतरी काळं हललं, राणीनं झेप घेतली आणि झटापट सुरू झाली. नाना आनंदानं नाचायलाच लागले. "सोडू नको, राने, दाबून धर!"

खालून अगदी वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज आला, "नाना, माझा रेनकोट आहे हा."

सर वाकून पायातला काटा काढत होते. राणी त्यांचं तोंड चाटत होती. बादशहा कुठे होता? माझ्या मागे, माझ्या रेनकोटाच्या टोकाखाली!

*

कुणीतरी तक्रार केली की आम्ही कुत्री लावून डुकरं मारतो. वनरक्षक भर अवकाळी पावसात मोटारसायकलवर चौकशीला आले. साहेबांनी वही काढली आणि आधी तो शिकारी कुत्रा दाखवा म्हणाले. बादशहा पडवीत काकूंच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुरफटून पडला होता, फक्त नाक बाहेर. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग वही पिशवीत टाकून त्यांनी चहा घेतला आणि जाताना नानांना विचारलं, याला औषध चालू आहे का?

*

लग्न दोन दिवसांवर आलं. नवऱ्या मुलीनं बापासाठी आणलेल्या नव्या चपला खोक्यात तशाच. दुपारी हळदीचा मांडव घालताना आभाळ भरून आलं. नाना उठले, बादशहाला घेतलं आणि उसाकडे निघाले. शेवटची संधी. आम्हीही मागे गेलो.

बांधावर पोचतोय तोच गारा सुरू झाल्या. पहिलीच बोराएवढी गार बादशहाच्या पाठीवर बसली आणि तो आडोशाला सरळ उसात घुसला. नानांची छाती फुलली. "गेला! वाघ हाय माझा!"

आत ऊस हलला. मग जोरात हलला. मग बादशहा बाहेर आला, आजवर कधी पळाला नव्हता असा. आणि त्याच्या मागे दोन हातांवर एक भलंमोठं रानडुक्कर!

बादशहानं बांधाशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उडी घेतली. राणी आधीच तिथे होती. मी आणि सर कसे चढलो, ते अजून आठवत नाही. नाना अनवाणी पायांनी कडुलिंबाच्या झाडावर. डुकरानं झाडाला एक फेरी मारली आणि खाली फुरफुरत उभं राहिलं.

गारा थांबल्या. वरून नानांचा आवाज आला.

"सर, तुमी कधी खोटं बोलत न्हाई. खरं सांगा, उसातनं डुक्कर भाईर कुनी काढलं?"

सरांनी डुकराकडे बघितलं. माझ्या मांडीखाली डोकं घालून थरथरणाऱ्या बादशहाकडे बघितलं. नानांच्या फांदीवरून लोंबणाऱ्या, भेगाळलेल्या पायांकडे बघितलं.

"बादशहानं," सर म्हणाले.

नानांनी खिशातून मोबाईल काढून घरी लावला.

"अगं, माझ्या नव्या चपला काढून ठेव. डुक्कर जरा बाजूला झालं की येतोच."