शेजारच्या नळीतला किडा

आमची ही चिखलाची डॉक्टर. लोक हसतात, हसू देत. समुद्राच्या तळाशी नळी उतरवायची, तिच्यात चिखल उभाच्या उभा धरून वर आणायचा आणि त्यात कोण जगतंय, हवा किती खोल पोचलीय ते बघायचं, हा तिचा उद्योग. मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो. शिकलेली बायको म्हणजे घरात पांढरा कोट येईल, असं मला लग्नाआधी वाटायचं. आले गमबूट, आणि सडक्या अंड्याचा वास.

बाईला एकच खोड, शंकेची. भाजीत मीठ पडलं की नाही ते चाखून चाखून बघेल आणि मग म्हणेल, आता जिभेचाच भरवसा नाही.

आमच्या खाडीत मासेमारी बंद आहे. मागे एका कारखान्याने घाण सोडली, तळाचा चिखल काळा पडला, मासे खाण्याजोगे राहिले नाहीत. तळात किडे परत येऊ देत, बिळं करून चिखलात हवा नेऊ देत, मग बंदी उठवायचं बघू, असं सरकारी कचेरीने सांगितलेलं. माझा धाकटा भाऊ मासेमार. तेव्हापासून त्याची बोट किनाऱ्यावर पालथी पडलीय. तो गोदामात पोती उचलतो, आणि घरी जाताना वाट वाकडी करून बोट बघून येतो.

यंदा कारखान्याच्या नाल्याच्या अगदी तोंडापाशी काढलेल्या चिखलात हिला बीळ सापडलं. आत जिवंत किडा. घरी आली ती नाचतच. भाऊ आमच्याकडे जेवायला होता. एरवी मिठाचीही खात्री नसलेली ही बाई त्याला बोलून गेली, "भाऊजी, तळ जिवंत होतोय." झालं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. त्याने दुसऱ्याच दिवशी बोट घासायला घेतली.

आणि हिचं कुठेतरी बिनसलं. खिडकीशी जायची, परत यायची, कपाट उघडून काय हवं होतं तेच विसरायची. मी वैतागलो.

"अगं, एका जागी बस की. पायाला भिंगरी लागलीय का?"

बसली आणि सांगायला लागली. बीळ जुनं झालं की त्याच्या भिंती गंजाच्या रंगाच्या होतात, कारण हवा लागून चिखलातलं लोखंड गंजतं. या बिळाच्या भिंती काळ्याच होत्या. म्हणजे बीळ ताजं, समुद्रात नव्हे, प्रयोगशाळेत झालेलं. किडे गुदमरू नयेत म्हणून थंड खोलीत नळ्या उघड्या तोंडाने पाण्याच्या एकाच टाकीत उभ्या ठेवतात. शेजारची नळी खाडीबाहेरच्या स्वच्छ तळातून काढलेली होती. तिच्यातला किडा उठला आणि या नळीत घुसला. नळ्यांच्या तोंडाला जाळी बांधायची हिच्याकडून राहिली होती.

"कोणाच्या लक्षात आलंय?" मी विचारलं.

"माझ्या."

"मग तोंड मिटून बस ना. एका किड्यापायी घरात आग लावू नकोस."

"तळात अजून विष आहे. तिथला मासा आधी भाऊजींच्या पोरीच्या ताटात पडेल."

राग आला मला तिचा. ती खोटी असती तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

दोघं किनाऱ्यावर गेलो. भाऊ बोटीला रंग देत होता. हिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, चूक आपली म्हणून.

"पण पुढे होईल ना जिवंत?" त्याने विचारलं.

"होईल बहुतेक."

"कधी?"

"माहीत नाही, भाऊजी."

त्याने ब्रश डब्याच्या काठावर निपटला. बराच वेळ निपटत राहिला.

"वहिनी, काल बोटीला गिऱ्हाईक आलं होतं. तुमच्या शब्दावर परत पाठवलं."

हिचे डोळे भरून आले. तो माझ्याकडे वळला.

"दादा, तो तुझ्याच ओळखीचा ना? नंबर आहे का तुझ्याकडे?"

होता. नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. तेवढेच आणखी काही दिवस बोट त्याची राहिली असती. पण ही शेजारी उभी होती. मी खिशातून फोन काढला आणि नंबर वाचून दाखवला.