मावशीचा मठ

मध्ययुगीन युरोपातल्या ननांच्या भानगडींची जेवढी खडान्‌खडा माहिती उज्जैनच्या माधव नगरातल्या माझ्या मावशीला आहे, तेवढी त्यांच्या धर्मगुरूंनाही नसेल. बँकेतून रिटायर झालेली, एकही चतुर्थी न चुकवणारी ही बाई दुपारी टीव्हीवर मठांमधले चावट विनोदी सिनेमे लावते. दारू चोरणाऱ्या, भिंतीवरून उड्या मारणाऱ्या, प्रार्थनेत एकमेकींना चिमटे काढणाऱ्या नन्स! त्यांची भाषा तिला ओ की ठो कळत नाही. तरी खालची इंग्रजी अक्षरं वाचत ती सगळ्यांचे संवाद आपल्या उज्जैनी मराठीत म्हणते. "ही बघ बेटा, मोठी नन. विचारून राहिली आहे, चाबी कुणी घेतली? सच सच सांगा!"

आणि हे एकटीने नाही हं! भजनी मंडळाच्या बायका तिच्याकडे देवळासाठी फुलवाती वळायला येतात. हात कापसात, डोळे मठात, इंटरव्हलला टावर चौकातली कचोरी. हात काय, आपोआप चालतात, असं मावशीचं म्हणणं. पण एकदा ननांनी जत्रेतला एक वादक धान्याच्या कोठीत लपवला, तो नेमका शिंकला, आणि त्याला वाचवायला सगळा मठच धडाधड शिंकायला लागला. आमच्या बायका हसून हसून लोळल्या. त्या दिवशीच्या फुलवाती म्हणजे काहींना नुसतं पोट, काहींना नुसतंच डोकं. निरांजनात एक धड उभी राहीना. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी चौकशी केली, कुणीतरी कबूल झालं, आणि दुसऱ्या दुपारी ऐन सिनेमात बाई दारात हजर.

"देवाच्या वाती अन् समोर हा तमाशा? बस झालं. उद्यापासून सगळ्यांनी माझ्याकडे यायचं."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. आईवडिलांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं; त्या घरात माणसांचा आवाज होतो तो एवढ्याच दुपारी. त्या गेल्या तर हिच्याकडे उरतं काय? पण मावशीने टीव्ही बंद केला नाही.

"वहिनी, वाती बिघडल्या, चूक माझी. पण या पोरींकडे बघा तर. बापाने मठात आणून सोडलं आणि दार लावून घेतलं. विचारलं होतं का कुणी यांना? तरी हसतात हो! मला तर तीच पूजा वाटते."

शाळेतून उचलून बोहल्यावर उभ्या केलेल्या अध्यक्षीणबाईंना हसताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्या खुर्चीच्या टोकाला टेकल्या. रिकामं बसवेना, म्हणून थोडा कापूस ओढला. पडद्याकडे बघता बघता हळूच म्हणाल्या, "या पोरी शेवटी घरी जातात का हो?"

"नाही जात," मावशी म्हणाली, "पण उद्या दुसरा लावते. त्यात एक जाते."

"मग उद्या मी जरा लवकरच येते," बाई म्हणाल्या.