वसंताची कविता आणि माझा टायमर

मित्रहो, शाळासोबती वसंताला आता दिसत नाही. म्हणून रोज सकाळी मी नोएडाहून त्याला संगणकावरून पाठ्यपुस्तकातली एक कविता म्हणून दाखवतो.

काल एक व्हिडिओ पाहून, संगणक जलद व्हावा म्हणून मी त्याच्या आतल्या घड्याळाची, म्हणजे टायमरची, सेटिंग बदलली. आज वसंता घाबरलाच. "अरे, तुझा आवाज अडखळतोय. बरा आहेस ना?"

माझी हाक ऐकून सूनबाई घरूनच चाललेली ऑफिसची मीटिंग सोडून धावत आली आणि संगणकाच्या सेटिंग बघू लागली.

"बाबा, टायमर कोणी बदलला?"

"मीच. वेग वाढवायला."

"अच्छा! कवितेला कसली एवढी घाई?"

हसत तिने सेटिंग पूर्ववत केली आणि आवाज सुरळीत झाला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शेवटचं कडवं वसंतानेच म्हटलं, एकही शब्द न चुकता. सूनबाई दारात थांबून ऐकत होती.

पोरी, तुझे आभार कसे मानू? आणि मित्रहो, तुम्ही कुणाला कविता शेवटची कधी म्हणून दाखवलीत?