कुमुदताईंचं मराठी

सायकलला हात लावण्याआधी कुमुदताई कोपरापर्यंत हात धुवायच्या. काम झाल्यावर सगळेच धुतात, त्या आधीही धुवायच्या. कार्डिफच्या हॉस्पिटलात त्यांची अख्खी नोकरी वॉर्ड सिस्टर म्हणून गेली होती. "पेशंट असो नाहीतर सायकल, घाण हातानं शिवायचं नाही," असं म्हणत त्या माझ्या किचनमधला धुतलेला टॉवेल हक्कानं ओढून घ्यायच्या.

त्या आमच्याच रस्त्यावर राहायच्या, एकट्या. मूळच्या सांगलीच्या. बारीक कापलेले पांढरे केस, ताठ कणा, आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. "आहेस का गं घरात?" ही हाक शेजारच्या वेल्श म्हाताऱ्यालासुद्धा पाठ झाली होती.

माझ्या रेवाला अकराव्या वाढदिवसाला नवी सायकल घेतली, तेव्हा त्या आमच्या घरात खऱ्या अर्थानं शिरल्या. महिनाभरातच सायकलचे गिअर बिघडले. बटण दाबलं की चेन नुसती खडखडायची, मग चढावर भलत्याच वेळी उडी मारायची. मी व्हिडिओ बघून मागचे दोन स्क्रू पिळले आणि होते तेवढे गिअरही घालवले.

जन्मभर सायकलनंच ड्युटीवर गेलेल्या कुमुदताईंनी पाहताक्षणी विचारलं, "स्क्रूला कुणी हात लावला?"

रेवानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"नव्या सायकलची केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतेच गं. स्क्रूचा काय दोष?" त्यांनी आधी माझे स्क्रू पूर्ववत केले. मग केबल जिथे गिअरमध्ये शिरते तिथली छोटी फिरकी रेवाच्या बोटांत दिली. "अर्धाच आटा फिरव. आता पेडल मार. ऐक. काय म्हणतेय?"

मी चहा ठेवायला आत आले आणि खिडकीतून रेवाचा आवाज ऐकला.

"आजी, चेन वर गेला, पण बसला नाही."

माझ्या हातातलं दूध ओट्यावर सांडलं. माझी मुलगी मराठी बोलत होती! मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, अशीच आमच्या घरची रीत पडली होती. शनिवारच्या मराठी वर्गाला मी तिला ओढत न्यायचे. चुकून तिच्या तोंडून मराठी वाक्य निघालंच, तर मी लगेच म्हणायचे, "गेला नाही, गेली." त्यावर ती म्हणायची, "फरगेट इट, मम."

मला आनंद व्हायला हवा होता. पण वाटला तो हेवा. नऊ महिने पोटात मी वाढवलं आणि भाषा उमलली ती शेजारणीच्या ओंजळीत.

सायकल दुरुस्त झाली, पण रेवाचं त्यांच्याकडे जाणं थांबलं नाही. शाळेतल्या मैत्रिणीनं तिला ग्रुपमधून काढलं, हे कुमुदताईंना आधी कळलं आणि मला त्यांच्याकडून. मी चहा घेऊन बाहेर गेले की दोघींचं बोलणं थांबायचं आणि रेवा इंग्लिशवर यायची. मग मी होमवर्कची कारणं काढू लागले. एकदा तर दार अर्धंच उघडून कुमुदताईंना सांगितलं, "रेवा झोपलीये." दुपारचे चार वाजले होते. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. तिथून रेवा हात हलवत होती.

"बरं," एवढंच म्हणून त्या वळल्या, तेव्हा माझाच तोल गेला. "तुम्ही तिला कसंही चुकीचं बोलू देता! म्हणून आवडता तुम्ही तिला."

त्या फाटकाशी थांबल्या. त्यांचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "माझ्या समीरची एकही चूक मी सोडली नाही गं. आता तो दर रविवारी फोन करतो. 'हाय मम, यू ओके?' मी म्हणते, 'येस लव्ह.' संपलं."

मी दार पूर्ण उघडलं. पण हेवा काही गेला नाही. त्या दिवसापासून मी खिडकीतून ऐकू येणाऱ्या रेवाच्या चुका गिळायला शिकले, तरी ती माझ्याशी इंग्लिशच बोलत राहिली.

त्या हिवाळ्यात झोपेतच कुमुदताई गेल्या. लंडनच्या एजवेअरहून समीर आला. क्रेमॅटोरियममध्ये तो व्यवस्थित, नेमक्या इंग्लिशमध्ये बोलला. मग कुणी बोलणार का, असं विचारल्यावर माझ्या शेजारची रेवा उठली.

"कुमुदआजी माझा बेस्ट मैत्रीण होता," ती म्हणाली. "मी चुकला तरी तो हसला नाही. मला त्याचा आवाज आठवण येतो."

समीरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. आणि मी? डोळे भरलेले असतानाही माझ्या मनात आलं, माझ्याबद्दल ही असं कधी बोलेल का? शवपेटीत निजलेल्या बाईचा मी हेवा करत होते.

गाडीत बसल्यावर रेवा काचेबाहेर बघू लागली. मग माझ्याकडे न वळता तिनं विचारलं,

"आई, मी बरोबर बोलला?"



"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर."